वेड्याचा कायदा, वेड्याचा हक्क

आपल्याकडं माणूस जरा वेगळं वागला की लोक म्हणतात, ह्याला ठाण्याला न्या. पुण्याकडचे येरवडा म्हणतात, कोकणातले रत्नागिरी, विदर्भातले नागपूर. सरकारी मनोरुग्णालयं असलेल्या ह्या चार गावांची नावं आपण शिवीसारखी वापरतो. मीपण वापरली आहेत. 'महारवाडा' हा शब्द कुणी शिवी म्हणून उच्चारला तर आपण त्याची गचांडी धरू. पण 'येरवडा' म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. मित्रांनो, हा लेख तिथूनच सुरू करतो, कारण दोष आधी आपल्या घरातला आहे.

मी सूतगिरणीत काम करतो. रिंग खात्यात माझ्या शेजारच्या मशीनवर आमचा एक वडीलधारा जोडीदार होता. सगळे त्याला आण्णा म्हणायचे. काही वर्षांमागं त्याची झोप गेली. मशीनच्या आवाजात कुणीतरी आपलं नाव घेऊन शिव्या देतंय, असं तो सांगायचा. मग तिसऱ्या पाळीतनं अर्ध्यातच उठून जायला लागला. घरच्यांनी आधी देवऋषी गाठला. ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आणि बावीस प्रतिज्ञा भिंतीवर, त्याच घरातनं लिंबू आणि अंगारा निघाला. वहिनींना मी बोलायला गेलो तर त्या म्हणाल्या, "भावजी, डाक्टर कुठाय ते सांगा, उद्या नेते." मला सांगता आलं नाही. तीन महिन्यांनी गैरहजेरीचं कारण दाखवून गिरणीनं त्याचं नाव कमी केलं. त्या दिवशी गेटवर आम्ही चाळीस माणसं होतो. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

बोट तुटलं असतं तर आम्ही गेट बंद पाडलं असतं. डोकं बिघडलं म्हणून गप्प राहिलो. हे असं का झालं ते शोधायला मी वाचायला लागलो. माझं शिक्षण बेताचं. कायद्याची भाषा फोडायला महिने गेले. जे सापडलं ते इथं मांडतो.

१

१८५७ चं बंड मोडलं आणि १८५८ मध्ये कंपनी जाऊन राणीचा अंमल आला. त्याच वर्षी हिंदुस्थानात वेड्यांसाठी तीन कायदे झाले, क्रमांक ३४, ३५ आणि ३६. ह्यातले पहिले दोन इस्टेटीसाठी होते. मालमत्ता असलेला माणूस भ्रमिष्ट झाला तर कोर्टानं चौकशी करायची, त्याच्या जमीनजुमल्याची व्यवस्था लावायची. तिसरा कायदा वेड्यांच्या इस्पितळांचा. त्यात पोलिसांचं काम सांगितलं होतं: रस्त्यावर भटकणारा वेडा दिसला की पकडायचा आणि मॅजिस्ट्रेटपुढं उभा करायचा. म्हणजे ज्याच्याकडं वाडा त्याला न्यायालय, ज्याच्याकडं फक्त रस्ता त्याला शिपाई. आजार एकच, पण त्याची वाटणी मालमत्तेप्रमाणं झाली.

१८७१ साली ह्याच सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आपल्या भटक्या-विमुक्त भावांना जन्मानंच चोर ठरवलं, पुढं सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात घातलं. तो कायदा आणि वेड्यांचा कायदा वेगळे, मान्य. पण दोन्हींमागची नजर एकच दिसते. सरकारला भटकणाऱ्या माणसाची भीती वाटते. त्याला काय दुखतंय हा प्रश्नच त्या नजरेला पडत नाही.

इमारती त्याच काळातल्या. नागपूरचं इस्पितळ १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं. बरेच दिवस ही इस्पितळं तुरुंगांच्या इन्स्पेक्टर जनरलच्या हाताखाली चालायची. १९०५ साली ती सिव्हिल सर्जनकडं आली. १९१२ साली जुने कायदे एकत्र करून 'इंडियन लूनसी ॲक्ट' झाला. त्यातही पोलीस ठाण्याच्या अंमलदाराला भटक्या वेड्याला पकडण्याचा अधिकार राहिलाच. १९१८ साली रांचीला नवं इस्पितळ उघडलं, ते फक्त युरोपियनांसाठी. गोऱ्याच्या वेडाला वेगळा पाणवठा. हे वाचून आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

१९१२ चा कायदा किती वर्षं चालला? इंग्रज गेले, घटना आली, पंचवार्षिक योजना आल्या, तरी तो चालूच होता. तो बदलणारा कायदा १९८७ साली झाला आणि अमलात आला १ एप्रिल १९९३ ला. एक्क्याऐंशी वर्षं स्वतंत्र-परतंत्र दोन्ही सरकारांना ह्या माणसांसाठी वेगळं काही सुचलं नाही.

२

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. १९४२ ते १९४६ ह्या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात दिल्लीत दोन कामं चालू होती. एक भोर समितीचं. १९४३ मध्ये नेमलेल्या ह्या समितीनं १९४६ मध्ये देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. त्यात दिसलं ते असं: जवळजवळ चाळीस कोटी माणसांमागं मनोरुग्णालयांत सुमारे दहा हजार खाटा. चाळीस हजार माणसांना एक खाट! शिकलेले डॉक्टर तयार करण्यासाठी संस्था काढा, असं समितीनं सांगितलं. ती संस्था १९५४ साली बंगळुरात निघाली. आज तिला निम्हान्स म्हणतात.

दुसरं काम कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचं. १९४३ मध्ये बी. पी. अदारकरांना ती योजना आखायला बसवलं, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातूनच १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो हा.

आण्णाचं नाव कमी झाल्यावर दोन वर्षांनी मला ईएसआयची एक यादी बघायला मिळाली. चौतीस दीर्घ आजारांची. त्यात क्षय, कुष्ठरोग, कॅन्सर ह्यांच्या रांगेत स्किझोफ्रेनियासुद्धा होता. असा आजार झालेल्या आणि पुरेशी वर्गणी भरलेल्या कामगाराला रोजच्या मजुरीच्या ऐंशी टक्के रक्कम मिळू शकते, मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवता येते. शिवाय १९४८ च्या कायद्याच्या कलम ७३ मध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं की आजारपणाचा लाभ घेणाऱ्या कामगाराला त्या काळात मालकानं कामावरनं काढायचं नाही. आण्णाच्या पगारातनं दर महिन्याला ईएसआयचे पैसे कापले जात होते, आठ वर्षं. ईएसआयच्या डॉक्टरपुढं त्याला वेळेत नेलं असतं, दाखला मिळवला असता, तर दारूचा-देवऋषीचा बोभाटा न होता त्याचं घर चाललं असतं. कदाचित नोकरीही टिकली असती. आम्हांला ठाऊकच नव्हतं. ईएसआय म्हणजे टीबी, बाळंतपण आणि हात सापडणं, एवढंच आमचं ज्ञान. ज्या माणसानं आपल्याला शिका म्हणून सांगितलं, त्याच्याच कारकिर्दीत पाया पडलेला कायदा आपण वाचला नाही, ही माझी लाज आहे आणि ती मी इथं छापतोय.

३

भिंती बाहेरूनही फोडता येतात हे काही डॉक्टरांनी दाखवलं. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर ह्यांनी १९५० नंतरच्या काळात रोग्यांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं. घरच्यांनी आजार बघितला, उपचार बघितले, आणि रोगी बरा झाल्यावर त्याला घरी नेलं. साधी गोष्ट. पण आपल्या माणसाला कोंडून, पत्ता चुकीचा लिहून पळून जाणाऱ्या घरांवर हाच उपाय होता.

१९७५ च्या सुमारास बंगळुराजवळच्या साकळवारा गावात आणि चंदीगडजवळच्या रायपूर राणी भागात दुसरा प्रयोग सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साध्या डॉक्टरला आणि गावोगाव फिरणाऱ्या आरोग्य सेवकांना मानसिक आजार ओळखायला शिकवायचं. फिट, वेड, खोल उदासी. औषधं तिथंच द्यायची. रोग्यानं शहरात जायचं नाही, उपचारानं गावात यायचं.

ह्याच विचारावर ऑगस्ट १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम मंजूर झाला. १९८२! त्या जानेवारीत मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. ऑगस्टमध्ये चाळीचाळीत चुली थंड होत्या, लोक भांडी विकत होते, गावाकडं परतत होते. ह्या माणसांच्या मनावर काय चाललं असेल, हे कुणी मोजलं नाही. इकडं दिल्लीत कागद चांगला झाला होता. त्यात लिहिलं होतं की किमान सेवा सर्वांपर्यंत, आणि आधी सर्वांत दुबळ्या माणसापर्यंत पोचली पाहिजे. पण कागदाबरोबर पैसा नव्हता.

१९८५ ते १९९० कर्नाटकात बेल्लारी जिल्ह्यात तो कागद अमलात आणून बघितला. जमलं. एका अख्ख्या जिल्ह्यात साध्या दवाखान्यांतून हे करता येतं, हे सिद्ध झालं. तरी देशानं ते उचलायला १९९६ साल उजाडलं. तेव्हा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, तोही मूठभर जिल्ह्यांत. आज मंजुरी सातशेहून जास्त जिल्ह्यांना आहे. मंजुरी म्हणतोय मी. मंजुरी आणि गोळी ह्यांच्यामध्ये किती अंतर असतं ते आपल्या वस्तीतल्या कुठल्याही म्हातारीला विचारा.

मधल्या काळात कोंडवाडे तसेच होते. पश्चिम बंगालमध्ये गुन्हा काहीही नसलेली मनोरुग्ण माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात होती. पत्रकार शीला बारसे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९३ साली न्यायालयानं सांगितलं की अशा माणसांना तुरुंगात ठेवणं बेकायदा आणि घटनाविरोधी आहे. हे सांगायला प्रजासत्ताकाला त्रेचाळीस वर्षं लागली. १९९९ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं देशातल्या मनोरुग्णालयांचा अहवाल काढला. त्यात अनेक ठिकाणांचा घाट अजून तुरुंगाचाच आढळला.

आणि मग ६ ऑगस्ट २००१. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातलं येरवाडी. तिथल्या दर्ग्याच्या नावावर आजार बरा होतो म्हणून माणसं आणून ठेवायची, आणि भोवती खासगी धंदेवाल्यांच्या झोपड्या. पहाटे एका झोपडीला आग लागली. माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. अठ्ठावीस मेली. पळता आलं नाही म्हणून मेली. ती धर्मवेडी होती म्हणून तिथं गेली, असं म्हणू नका. जवळ दवाखाना नव्हता म्हणून गेली. वहिनींनी मला विचारलेला प्रश्न त्यांच्याही घरच्यांनी कुणाला तरी विचारला असणार.

४

ऑक्टोबर २००७ मध्ये भारतानं अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. त्यामुळं जुना कायदा बदलणं भाग पडलं. १० ऑक्टोबर २०१४ ला देशाचं पहिलं मानसिक आरोग्य धोरण जाहीर झालं. २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला आणि २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. १८५८ पासून सगळे कायदे सांगत आले की वेड्याचं काय करायचं. हा कायदा पहिल्यांदा सांगतो की त्याला काय मिळालं पाहिजे. दया आणि हक्क ह्यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. चवदार तळ्यावर आपण कुणाची दया मागायला गेलो नव्हतो.

त्यातल्या काही गोष्टी पाठ करून ठेवा. कलम १८: सरकारी पैशानं चालणारी मानसिक उपचार सेवा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि ती देताना लिंग, धर्म, जात, वर्ग असा कुठलाही भेद करायचा नाही. 'जात' हा शब्द तिथं छापलेला आहे. दारिद्र्यरेषेखालच्या आणि बेघर माणसाला उपचार फुकट, कार्ड असो नसो. जरुरीच्या औषधांची यादी करून ती औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळ्या सरकारी ठिकाणी कायम आणि मोफत असली पाहिजेत. जिल्ह्यात किमान सेवा सरकारी ठिकाणी नसेल तर त्या जिल्ह्यात दुसरीकडं घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारनं सोसायचा. कलम २७: मोफत वकील. कलम ९५: साखळदंड बंद, भूल न देता विजेचे झटके बंद. कलम ११५: आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याच्यावर खटला-शिक्षा नाही.

आणि कलम ३. माणसाची सामाजिक, आर्थिक, राजकीय स्थिती बघून त्याला मनोरुग्ण ठरवायचं नाही. समाजात चालत आलेल्या रूढी, श्रद्धा, मूल्यं तो पाळत नाही म्हणूनही ठरवायचं नाही. ह्या कलमाची किंमत आपल्याइतकी कुणाला कळणार? १८५१ साली अमेरिकेत कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं एक रोग शोधून काढला होता. काळा गुलाम मालकाकडून पळून जातो, हा त्या डॉक्टरच्या मते मनाचा आजार. गुलामी हा रोग नव्हता, पळणं हा रोग! आपल्याकडंही देव पाण्यात सोडणाऱ्याला, जोहार नाकारणाऱ्याला, जातीबाहेर लग्न करणाऱ्या पोरीला खुळी-येडी म्हणणारे कमी नव्हते आणि नाहीत.

म्हणून आपली काही पोरं म्हणतात की मानसिक आजार-बिजार सगळं थोतांड, आमचं दुखणं जातीचं आहे. अर्धं खरं आहे. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. वसतिगृहातनं काढलेला, फेलोशिप थांबलेली. त्याला गोळी द्यायला हवी होती, एवढंच म्हणून कुणी मोकळं होत असेल तर ते कार्टराइटचे वारस. तिथं न्यायच हवा होता. २०२२ साली देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांत चारातला एक रोजंदारीवरचा मजूर. ह्या आकड्यावर औषध म्हणजे आधी मजुरी आणि माणुसकी.

पण उरलेलं अर्धंही खरं आहे. आण्णाला ऐकू येणारा आवाज घोषणांनी थांबला नाही. गोळ्यांनी थांबला. मी डोळ्यानं बघितलंय. जात माणसाला आजारी पाडते आणि आजारी पडल्यावर जातच त्याला दवाखान्यापासून लांब ठेवते. दोन्ही लढाया आपल्याच आहेत. एकीचं नाव सांगून दुसरी टाळता येणार नाही.

हक्क छापला, पण पैसा? २०१५-१६ साली निम्हान्सनं बारा राज्यांत पाहणी केली, महाराष्ट्र त्यात नव्हता. दहा प्रौढांत एकाहून थोडं जास्त प्रमाणात मानसिक आजार निघाला, आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के माणसं उपचाराविना. २०२३-२४ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात मानसिक आरोग्यासाठी ९१९ कोटी होते, त्यातले ७२१ कोटी एकट्या निम्हान्सला. संस्था मोठी आहे, तिला द्या. पण तालुक्याच्या खिडकीवरची गोळी कुठल्या रकान्यात आहे? २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा फुकट फोन नंबर आहे. लावा, लोकांना सांगा. पण फोनवरनं गोळी येत नाही.

एक दुखरी गोष्टही लिहितो. घटनेच्या कलम ३२६ नं प्रत्येक प्रौढाला मत दिलं, पण ज्या कारणांवरनं मत काढून घेता येतं त्यांत मनाची विकृतीही धरली आहे. घटना आपली म्हणून हे झाकायचं नाही. मात्र १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणं सक्षम न्यायालयानं तसं ठरवल्याशिवाय कुणाचं नाव यादीतनं कापता येत नाही. आजारी म्हणून, इस्पितळात आहे म्हणून नाही. निवडणुकीच्या वेळी आपल्या वस्तीत हे बघत जा.

५

गेल्या वर्षी आम्ही सहा जण कलम १८ ची झेरॉक्स घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेलो. आण्णाला औषधासाठी दर महिन्याला जिल्ह्याच्या गावी जावं लागायचं, सत्तर किलोमीटर, वहिनींची एक दिवसाची मजुरी आणि दोघांचं भाडं. तिथल्या बाबूनं कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाला, असा कायदा आहे होय? आम्ही लेखी अर्ज दिला, पोच घेतली. पाच आठवड्यांनी औषध आलं. तीन महिने आलं. मग बंद झालं. पुन्हा अर्ज दिला. सध्या येतंय.

एवढीच आमची लढाई आणि एवढाच विजय. पण अर्जाच्या दुसऱ्या खेपेला आमच्याबरोबर आणखी चार घरं आली, ज्यांनी आपला माणूस आजवर मागच्या खोलीत लपवला होता. त्यांतलं एक घर पाटलाच्या आळीतलं होतं.

वाचनालय, जयंती, मोर्चा, हे सगळं आपण करतोच. त्यात हे एक काम धरा. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन विचारा, मानसिक आजाराची कुठली औषधं आहेत, यादी दाखवा. मनोविकाराचा डॉक्टर कुठल्या वारी येतो ते विचारा. उत्तर लेखी घ्या. कारखान्यात असाल तर ईएसआयची यादी नोटीस बोर्डावर लावा. आणि वस्तीत कुणी कुणाला येरवड्याला धाडायच्या गोष्टी करायला लागला, तर त्याला तिथंच थांबवा.

आण्णा आता एका गोदामावर रखवाली करतो. गिरणीत त्याला परत घेतलं नाही. कधीमधी संध्याकाळी माझ्याकडं येतो, चहा पितो. हा लेख मी त्याला वाचून दाखवला. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "त्या दिवशी गेटवर तुम्ही चाळीस जण होतात ना रे?"

जयभीम.